जगाचं पोट भरायचं तर जीएम (जनुकांमध्ये बदल केलेल्या) पिकांना सरसकट विरोध परवडणार नाही

ओंबी
नोव्हेंबर २०२२मध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेली. २०५०पर्यंत ती ९७० कोटींच्या आसपास जाईल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. जमीन वाढवायची तर जंगलं तोडावी लागतील, म्हणजे आहे त्याच रानात जास्त पिकवणं आलं. हवाईतली पपई बघा. रिंगस्पॉट विषाणूने बागाच्या बागा बसल्या होत्या, कुठलाही उपाय चालत नव्हता. संशोधकांनी त्या विषाणूचंच एक जनुक पपईत घातलं, १९९८मध्ये ते वाण शेतकऱ्यांच्या हाती आलं आणि बागा पुन्हा उभ्या राहिल्या. असं तंत्र केवळ 'जीएम' म्हणून नाकारणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवार
पूर्ण असहमत. पपई वाचली, आनंद आहे. पण भूक धान्याच्या तुटवड्यामुळे नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१मध्येच दाखवून दिलं की कोठारात धान्य असतानाही माणसं दुष्काळात मरतात, कारण ते मिळवायची ऐपत त्यांच्याकडे उरलेली नसते. २०२३मध्ये सुमारे ७० कोटी लोकांना पोटभर मिळत नव्हतं. त्याच्या आदल्याच वर्षी घरं, दुकानं आणि उपाहारगृहांतून १०० कोटी टनांहून जास्त अन्न वाया गेलं होतं! आणि जीएम म्हणून प्रत्यक्षात पेरलं जातं काय? मुख्यतः सोयाबीन, मका, कापूस, कनोला (मोहरीसारखं तेलबियांचं पीक). त्यातलं कितीतरी जनावरांच्या खाद्यात आणि इंधनात जातं. बियाणंही कंपन्यांचं, त्यावर चालणारं तणनाशकही त्यांचंच, आणि अनेक देशांत पेटंटमुळे घरचं बी राखायची मुभा नाही. यात भुकेल्याचा विचार कुठे आहे?

ओंबी
वाटपाचा मुद्दा मान्य. पण भुकेल्यांमध्ये छोटे शेतकरीच खूप आहेत. त्यांचं पीक अळीने खाल्लं तर थेट त्यांच्याच घरातली चूल थंडावते. २०१४मध्ये १४७ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात जीएम पिकांचं उत्पादन सरासरी २२ टक्के जास्त आणि कीटकनाशकांचा वापर ३७ टक्के कमी आढळला. विकसनशील देशांत फायदा जास्त होता.

पाणकळा
दोघांसाठीही एक. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६मध्ये मोठा अहवाल काढला. जीएम अन्नाने आरोग्याला जास्त धोका असल्याचा पुरावा मिळाला नाही, त्यामुळे कॅन्सरची भीती घालणं थांबवावं. पण त्याच अहवालात असंही आहे की जीएम आल्यावर तिथल्या पिकांच्या उत्पादनवाढीचा वेग वाढलेला दिसत नाही. शिवाय पुराच्या पाण्यात दोन आठवडे तग धरणारा भात जुन्या वाणाशी संकर करूनच तयार झाला. जीएम म्हणजेच विज्ञान, असं समीकरण नको.

शिवार
तणांचंही लिहा. तणनाशक सोसणाऱ्या जीएम पिकांवर एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारल्यामुळे त्याला दाद न देणारी तणं माजली, आता आणखी जहाल औषधं फवारावी लागताहेत.

ओंबी
तो तणनाशकाच्या अतिरेकाचा दोष आहे. गोल्डन राइसचं काय? अ जीवनसत्त्वाअभावी मुलं आंधळी होतात, त्यासाठी केलेला तांदूळ. छोट्या शेतकऱ्याला स्वामित्वशुल्क नाही, बी राखायची मोकळीक आहे. २०००मध्ये संशोधन प्रसिद्ध झालं, फिलिपिन्समध्ये लागवडीला परवानगी मिळाली २०२१मध्ये, आणि २०२४मध्ये न्यायालयाने तीही रोखली. या काळात जी मुलं आंधळी झाली त्यांना काय सांगायचं?

शिवार
त्या मुलांना भाजी, फळं, अंडी मिळायला हवीत, नुसता पिवळा भात नाही. बी राखता येणाऱ्या वाणाबद्दल मी बोलायला तयार आहे. बाजारातल्या बाकीच्या जीएम बियाण्यांना मात्र माझा विरोध कायम.