गेमबॉयवर खरंच प्रयोग होतात, की जुन्या गेमच्या धूनच फिरून फिरून वाजतात?

चार_चॅनल:
गेमबॉयवर, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरायच्या त्या गेमच्या मशीनवर, केलेलं म्युझिक बरंच ऐकतो, स्वतः करतोही, आणि एक गोष्ट खटकतेय म्हणून धागा काढतोय. बहुतेक जण त्यावर जुन्या गेमसारखीच उड्या मारणारी धून बसवतात, खाली बेस, मागे नॉइजचा ड्रम, झालं गाणं. ऐकणाऱ्यालाही वाटतं मशीन एवढंच करू शकतं. माझं म्हणणं असं की प्रयोगाला या डब्यात जेवढी जागा आहे तेवढी चांगल्या सिंथमध्येही (आवाज घडवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यात) सहजी मिळत नाही, कारण सिंथ बनवणाऱ्याने तुम्ही काय काय कराल याचा आधीच विचार केलेला असतो, इथे तो कोणी केलेलाच नाही.

1989 चं मशीन. आवाजाचे चारच चॅनल: दोन पल्स (साधी चौकोनी लहर), एक वेव्ह (आपण आखलेली लहर), एक नॉइज (खरखर), बस. 1998 ला ओलिव्हर विटचोने नॅनोलूप केलं, 2000 च्या सुमारास योहान कोटलिन्स्कीचं लिटल साउंड डीजे आलं, दोन्ही गेमबॉयवरच म्युझिक करायचे प्रोग्राम, तेव्हापासून स्वतः कोड न लिहिता हे चार चॅनल हातात आले. आता वेव्ह चॅनल बघा. 32 सॅम्पलची एकच छोटी लहर, प्रत्येक सॅम्पल 4 बिटचं, म्हणजे उंचीच्या फक्त 16 पायऱ्या. ती लहर वाजत असतानाच बदलत राहायची, एकही फिल्टर न लावता आवाज आतून फाटत जातो. नॉइजला 7 बिटचा मोड आहे, त्यात पॅटर्न 127 पायऱ्यांनी परत पहिल्यापासून सुरू होतो, वेग वाढवला की त्या खरखरीतून धातूसारखा सूर निघायला लागतो. हे सोडून लोक चालच का बसवत बसतात?

कानसेन:
वाचलं, पण पटलं नाही. तुम्ही जे सांगताय ते सगळं लॅपटॉपवर होतं, 32 सॅम्पलची लहर घ्या, 4 बिटला आणा, पाहिजे तशी फिरवा, शिवाय चारच्या जागी चाळीस चॅनल मिळतात. प्रयोग कानाला ऐकू यायला हवा. रेकॉर्डिंग ऐकताना मला समोर गेमबॉय होता की आणखी काही हे कळतच नसेल तर त्या डब्याचं कौतुक मी कशाला करू? मला तर वाटतं मर्यादांचं गुणगान हे पुष्कळदा आळसावर पांघरूण असतं. चारच चॅनल होते म्हणून असं झालं, एकदा हे म्हटलं की कंटाळवाणा तुकडाही चालून जातो.

तुटकी_वायर:
कानसेन, लॅपटॉपवर सगळं होतं हे खरं, पण तुम्ही ते करायला जाताच असं नाही ना. मी मशीन उघडून आतला, घड्याळाचा ठोका देणारा क्रिस्टल काढून त्या जागी एलटीसी 1799 ऑसिलेटर चिप आणि एक नॉब बसवलाय. नॉब फिरवला की पूर्ण मशीनचं घड्याळच हळू किंवा जलद होतं, सूर आणि टेम्पो दोन्ही एकदम घसरतात, स्क्रीनसुद्धा जडावतो, आणि फार खाली नेलं की कधीकधी प्रोग्रामच कोसळतो आणि जो सूर चालू होता तो तसाच अडकून वाजत राहतो. त्या अडकलेल्या सुरावर मी आख्खे तुकडे केलेत. लॅपटॉपवर असं वाजवायचं तर आधी ते कोणाला तरी सुचायला पाहिजे. इथे ते न सुचता समोर आलं, आणि मग मला त्याचं काय करायचं ते ठरवावं लागलं.

जुनं_जपा:
मला या सगळ्यात एकच बोलायचंय. ही मशिनं आता नवीन बनत नाहीत. क्रिस्टल काढा, कवचाला भोकं पाडा, बोर्डवरचे ट्रॅक कापा, आणि एक चालू मशीन कायमचं कमी. एमुलेटर, म्हणजे कंप्युटरवर गेमबॉयची नक्कल करणारे प्रोग्राम, आता इतके चांगले झालेत की शिकायला आणि बहुतेक कामाला तेच पुरतात. प्रयोग जरूर करा पण आधीच मेलेल्या बोर्डवर करा, स्क्रीन गेलेला, बॅटरीच्या गळतीने खाल्लेला, असे भरपूर पडून असतात. चांगल्या अवस्थेतलं मशीन एका प्रयोगासाठी उघडणं मला पटत नाही, संगीत कितीही थोर असो.

चार_चॅनल:
जुनं_जपा, मेलेल्या बोर्डबद्दल शंभर टक्के सहमत, फक्त प्रोसाउंड नावाच्या बदलाला त्यातून वगळा. त्यात ट्रॅक कापायचे नसतात, आवाज आतल्या ॲम्पच्या आधीच, व्हॉल्यूमच्या चाकापाशी उचलून वेगळ्या जॅकवर आणायचा, हिस कमी होते आणि ही जोडणी नंतर काढता येते. एमुलेटरचं मात्र अर्धंच मान्य. मूळ राखाडी गेमबॉयवर वेव्ह चॅनल वाजत असताना तोच नेमक्या क्षणी पुन्हा ट्रिगर केला की लहरीची मेमरी बिघडते, गेमबॉय कलर मॉडेलवर असं होत नाही. व्हॉल्यूमच्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या सेटिंगच्या कप्प्यात) मधेच लिहिलं तर आवाज कुठे जाईल तेही मॉडेलगणिक बदलतं, लोक त्याला झॉम्बी मोड म्हणतात. हे दोष आहेत म्हणूनच मला ते वाजवायचेत. आणि कानसेन, कान हा निकष मलाही मान्य आहे, पण वाजवणाऱ्याच्या हातात काय होतं त्यावर त्याला काय सुचलं हे ठरतं, ते ऐकणाऱ्याला दिसत नसलं तरी तुकड्यात उतरतंच.

पल्सवाली:
मला तर मूळ धाग्यावरच आक्षेप आहे. चाल बसवणारे प्रयोग करत नाहीत हे कोणी ठरवलं? पल्स चॅनलवर एका वेळी एकच सूर वाजतो, कॉर्ड पाहिजे तर तीन सूर इतक्या झपाट्याने एकापाठोपाठ वाजवायचे की कानात ते मिसळतात, ती गडबडणारी थरथर हा एक नवा आवाजच आहे आणि तो चालीच्या गरजेतूनच आला. पल्स 64 हर्ट्झच्या खाली उतरत नाही, वेव्ह 32 पर्यंत जातो, म्हणून बेस तिकडे ढकलायचा, मग वेव्हवर करायचं होतं ते दुसरीकडे कुठेतरी कोंबायचं, हा हिशोब करत गाणं लिहिताना जी वळणं सापडतात ती नुसती खरखर फिरवून सापडत नाहीत. पॅनिंगचंही तसंच, आवाज डावीकडे, उजवीकडे नाहीतर दोन्हीकडे, मधलं काही नाही, त्यामुळे चालीची रचनाच वेगळी करावी लागते. खरखर म्हणजे प्रयोग आणि चाल म्हणजे आठवणींचा उमाळा ही वाटणी मला अन्यायाची वाटते. नॉइजचे तासभराचे ड्रोनही, म्हणजे एकच आवाज लांबवत नेणारे तुकडे, मी ऐकलेत, सगळे एकमेकांसारखेच.

तुटकी_वायर:
पल्सवाली यांचा पॅनिंगचा मुद्दा फार चांगला. दोन मशिनं लिंक केबलने सिंक करून एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे ठेवून बघा, दोन्हीत थोडा वेगळा टेबल (सूर-आवाज पायरीपायरीने बदलणारी आज्ञांची यादी) चालवला की मधल्या रिकाम्या जागेत तिसरंच काहीतरी ऐकू यायला लागतं.

कानसेन:
पल्सवालींचं म्हणणं मला सगळ्यात जास्त पटलं, कारण त्यांनी वळण का सापडलं ते सांगितलं, नुसतं मशीन थोर आहे एवढंच म्हटलं नाही. चार_चॅनल, तुमच्या वाक्यावर मात्र अडलोय. तुकड्यात उतरतंच म्हणालात, तर ते तपासता येईल. कोर्ग डीएस 10 हे सिंथचं सॉफ्टवेअर मी 2008 ला आलं तेव्हापासून निन्टेन्डो डीएसवर वापरतोय, हातातल्या खेळण्यावर सिंथ असण्याशी माझं काही वैर नाही. ऐकू न येणाऱ्या गोष्टीला श्रेय देण्याशी आहे.

चार_चॅनल:
तपासूया की. मी फक्त वेव्ह चॅनलवर एक तुकडा करतो, मूळ राखाडी मशीनवर, मेमरी बिघडण्याचा जो प्रकार वर सांगितला त्यावरच आधारलेला. तीच फाइल एमुलेटरवरही वाजवून रेकॉर्ड करतो. पल्सवाली, तुम्ही चालीचा एक करा, चारही चॅनल वापरून. नावं न सांगता सगळं एकत्र टाकू.

कानसेन:
चालेल. माझी अट एवढीच की मीही लॅपटॉपवर केलेला एक त्यात मिसळणार, आणि कोणता कशावर केलाय हे ओळखायच्या आधी प्रत्येकाने कोणता पुन्हा ऐकावासा वाटला ते लिहायचं.

पल्सवाली:
मी तयार. फक्त लांबी सगळ्यांनी सारखी ठेवा, नाहीतर ड्रोनवाले तासभर घेतील.