रिकर्व्ह धनुष्य फार वाजतंय, काय करावं?

जुळे सोलापूरहून: धनुष्य रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं), ६२ इंची, ओढ ४० पौंडी, दोरी डॅक्रॉनची (पॉलिएस्टर धागा). बाण सुटला की टण्ण! उपाय?

– आधी ब्रेस हाइट मोजा, म्हणजे मुठीच्या खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर. साडेसात इंचांखाली असेल तर दोरी उतरवून पाच-पाच पीळ वाढवत आठपर्यंत न्या. डॅक्रॉन ताणतं, त्यात आपला मे महिना, रोज मोजा.

– बाण ३२० ग्रेन, म्हणजे साधारण २१ ग्रॅमच्या आत नको. हलक्या बाणाने न नेलेला जोर लिम्ब्समध्ये, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांत, थरथरतो.

– दोरीला घोंगडीची लोकर बांधा. चादरीचं सूत नको, भिजून जड होतं. तीन इंची झुपके: वरचा वरच्या टोकापासून दोरीच्या एक चतुर्थांशावर, खालचा खालच्या टोकापासून एक तृतीयांशावर. दोन्ही सारख्या अंतरावर बांधले तर गुणगुण उरते.

– आणि टोकाकडे दोरी टेकते तिथे पातळ फेल्ट चिकटवा. चट्ट आवाज तिथलाच असतो.