बाळाच्या एका डोळ्यातून सतत पाणी का वाहते?

प्रश्न: माझ्या ४ महिन्यांच्या मुलीच्या डाव्या डोळ्यातून जन्मापासून पाणी वाहते आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, डोळा मात्र लाल नाही. अश्रूंची वाट बंद असेल का?

उत्तर: बहुधा तसेच असावे. अश्रू पापण्यांच्या नाकाकडील टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून अश्रुपिशवीत आणि तेथून नलिकेवाटे नाकात उतरतात. म्हणूनच रडताना नाकही वाहते. बाळांमध्ये नलिकेच्या खालच्या टोकावरील पातळ पडदा उघडायचा राहिलेला असतो, जो बहुतेकदा वर्षभरात आपोआप उघडतो.

उत्तर: आमच्या मुलाला डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे अश्रुपिशवीवर वरून खाली हलका दाब देत मालिश केल्याने गुण आला.

उत्तर: डोळ्याच्या कोपऱ्यात लाल, दुखरी सूज किंवा ताप आला, तर मात्र कृपया थांबू नका, पिशवीत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.