घाटातल्या लांब ट्रेनिंग राइडला मन कसं टिकवायचं?

गिरणाकाठ (चाळीसगाव)
राम राम मंडळी. थंडीत 200 किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायचीय, रूटमध्ये घाट आहे म्हणून रविवारी कन्नड घाट धरून शंभर-सव्वाशे किमीची राइड मारतो. पाय चालतात, पण साठ-सत्तर किमीनंतर डोकंच बंद पडतं. एक वळण संपलं की वर दुसरं दिसतं, सायकलच्या कॉम्प्युटरवर स्पीड सात-आठ, आणि मनात एकच की कशासाठी चाललंय हे, घरी पोरगी उठली असेल, वळव सायकल. सपाटीवर दोस्तलोक येतात, घाट म्हटलं की कोणी फिरकत नाही. एकटं असताना तुम्ही काय करता? गाणी लावता का?

पांझरा_रायडर (धुळे)
भाऊ, आधी हे सांग की राइडवर खातोस काय? मन खचतं म्हणतोस पण मला तरी हा अर्धा प्रश्न पोटाचा वाटतो. जोरात चालवलं की अंगातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा दीड-दोन तासांत उतरायला लागतो, मेंदूलाही साखरच लागते, म्हणून बऱ्याचदा पाय थकायच्या आधी मूड जातो आणि माणसाला वाटतं आपल्यात जिद्दच नाही. तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब पोटात गेले पाहिजेत, एका मध्यम केळ्यात 25 च्या आसपास असतात, म्हणजे तासाला दोन केळी, आणि आपण तर केळीच्या मुलखातले. जर्सीच्या खिशात केळं चेपून काळं पडतं म्हणून मी सोबत गूळ-शेंगदाण्याचे छोटे लाडू कागदात वेगवेगळे गुंडाळून ठेवतो, एका हाताने सुटले पाहिजेत. भुकेची वाट बघू नको, घड्याळात अर्ध्या तासाचा अलार्म लाव. चढावर धाप लागलेली असताना घास चावला जात नाही, त्यामुळे घाट सुरू व्हायच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच खाऊन घे. आणि ओआरएसचं लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच टाक, छोट्या बाटलीत अख्खं नको.

स्पीडचं टेन्शन तर काढूनच टाक. 200 ला साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून 15 चा ॲव्हरेज सुद्धा लागत नाही. 20 किमी चढ आठने चढलास तरी अडीच तास गेले, उरलेल्या 180 ला अकरा तास आहेत.

रानवाट (शहादा)
दादा, मी तोरणमाळच्या रस्त्यावर सराव करते, खालून वरपर्यंत जवळपास हजार मीटरची चढाई आहे आणि बरोबर कोणी नसतं. वरचं टोक डोक्यात ठेवून निघालं की मीही खचते. म्हणून शहाद्याहून निघाले की फक्त म्हसावद, मग राणीपूर, मग काळापाणी, पुढचं नाव आलं तरी मनात घ्यायचंच नाही. सातपायरीच्या वळणांवर तर तेवढंही नाही, दिसतंय ते वळण फक्त. वळणाच्या आतल्या बाजूला चढ एकदम उभा होतो, तिथे समोरून गाडी नाहीये बघून थोडं बाहेरून घ्यायचं आणि गिअर वळणाच्या आधीच हलका करायचा, जोर लावलेला असताना टाकला की चेन कडकड करते आणि लय तुटते ती तुटतेच.

दुसरं म्हणजे कॉम्प्युटरवरचं स्पीडचं पान बदला. मी चढावर फक्त वेळ आणि हार्टरेट ठेवते. सलग बोलता येईल एवढ्याच जोराने चढायचं, वाक्य तुटायला लागलं की जोर कमी करायचा, अगदी शेवटच्या तुकड्यापर्यंत.

गाणी मात्र नको, कळकळीने सांगते. घाटात मागून येणारी जीप आधी कानालाच कळते.

केळीबाग (रावेर)
धुळ्याच्या भाऊंचं खाण्याचं पटलं पण सगळं काही पोटाचं नसतं ना भो. दर रविवारी तोच घाट, तोच रस्ता, त्यात माणूस विटतोच. एक रविवार घाट, एक रविवार नुसती लांब सपाट, एखादा रविवार घरच्यांसोबत असं ठेव, पोरीला वेळ दिलास तर घाटातही ती टोचणी राहणार नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जागाही बदल. इकडे ये, रावेरहून पालला जाऊ, सातपुड्यातला चढ आहे आणि थंडीत सकाळी जंगलात इतकं भारी वाटतं की किलोमीटर मोजायचं सुचत नाही.

आणि ताई म्हणतात ते तुकडे पाडणं मोठे लोकही करतात. नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये दोघांच्या टीमने रॅम (रेस अॅक्रॉस अमेरिका) केली, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत 4800 किमीच्या आसपास. त्या शर्यतीत वाटेत पन्नासच्या वर टाइम स्टेशन असतात, रायडर पुढचं स्टेशन गाठतो, मग त्याच्या पुढचं.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
सगळ्यांचे मनापासून आभार. पांझरा भाऊ, सकाळी चहा-पोहे आणि मग घाटाच्या वर पोचल्यावरच काहीतरी खातो, मध्ये नुसतं पाणी. या रविवारी लाडू आणि अलार्म दोन्ही. ताई, हलका गिअर म्हणजे नेमका किती? माझ्याकडे मागचं सगळ्यात मोठं चक्र 28 दातांचं आहे, पुढे 34.

रानवाट (शहादा)
उभ्या चढाला 28 जड पडतो, पायांचे फेरे मिनिटाला पन्नास-साठवर येतात आणि गुडघ्यावर लोड येतो. मागे 32 किंवा 34 ची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसते का दुकानात विचारा, डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) छोट्या केजचा, म्हणजे आखूड सांगाड्याचा, असेल तर तोही बदलावा लागेल. बीआरएमच्या आदल्या आठवड्यात नको, आत्ताच करून घ्या, म्हणजे त्यावर दोन-चार घाट होतील.

केळीबाग (रावेर)
पालचं कधी जमवतोस ते कळव, आदल्या रात्री माझ्याकडेच उतर, सकाळी पाचला निघू. मागचा लाल लाइट चार्ज करून आण.