५ च्या नाण्याचं सरकारी वजन नक्की किती?

महालवाला
राजेहो, नागपुरात महाल भागात किराणा दुकान आहे माझं. रोजची चिल्लर मोजत बसायला वेळ नसते म्हणून काट्यावर तोलणं सुरू केलं, ५ ची १०० नाणी म्हणजे ६०० ग्रॅम असं वाचलं होतं कुठंतरी. काल हातानं बरोबर १०० मोजून ठेवली तर काटा दाखवते ६५८. काटा बिघडला का नाणी खोटी? वरून एक गिऱ्हाईक म्हणे पांढरं ५ चं नाणं चुंबकाला चिकटते म्हणजे नकली, घेतलंच नाही त्यानं

चिल्लरप्रेमी
काटा बरोबर आहे भाऊ. वजन रकमेवरून ठरत नाही, त्या त्या मालिकेचं ठरते, अन् वजन, आकार, धातू सगळं राजपत्रात छापून येते. १९९२ पासूनचं जाड पांढरं ५ म्हणजे ७५ टक्के तांबं, २५ टक्के निकेल, ९ ग्रॅम. २००७ चं स्टीलचं, ६ ग्रॅम, त्यात ८३ टक्के लोखंड अन् बाकी क्रोमियम, मग ते चुंबकाला चिकटणारच नं, नकली कशाचं! २००९ पासूनचं पिवळं निकेल ब्रास, तेही ६ च. २०१९ च्या मालिकेतलं पिवळं जरा मोठं, २५ मिमी, ६.७४ ग्रॅम. वेगवेगळी करून तोला

इतवारीकर
आमच्या घरी जुने लोक अजून रुपयाभार म्हणतात. १८३५ चा चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, तोच एक तोळा, तेव्हा नाणं हेच वजन होतं. आजोबा सराफ्यात बसायचे, रुपया हातात आला की आधी कडेवरून अंगठा फिरवून झीज बघायचे मगच ताजव्यात टाकायचे. अन् १९४० पासून चांदी निम्म्यावर आली ते रुपये वेगळ्या डब्यात, त्यात कधी सरमिसळ होऊ दिली नाही त्यांनी

महालवाला
आत्ता दुकान बंद करून बसलो होतो. जाडवाली १२ निघाली, मोठी पिवळी ३०, बाकी ५८. १०८ अधिक २०२ अधिक ३४८, बरोब्बर ६५८!! तीन डबे केले आता. १० च्या नाण्यांचंही असंच आहे का?

चिल्लरप्रेमी
२०११ चं ७.७१ अन् २०१९ चं ७.७४, ती दोन्ही एकत्र तोलली तरी चालते. अन् कोणी १० चं घेत नसेल तर सांगा त्याला, तोवरची १४ ही डिझाइन चालतात असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच सांगितलं आहे