मदत हवी आहे: ७१ हजार किमी पळालेली ॲक्टिव्हा घ्यावी का? (कळवा / ऐरोली)

नमस्कार,

मी कळव्यात राहते, घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेण्याचं काम करते. सेकंडहँड स्कूटर घ्यायची आहे. दोन गाड्या बघून झाल्यात आणि घरात एकमत होत नाहीये. पुढच्या गुरुवारपर्यंत एकाला शब्द द्यायचाय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी काम सांगते, म्हणजे गाडीकडून काय हवंय ते कळेल. नमुने उपाशीपोटीचे असतात, त्यामुळे पहिलं घर पावणेसहाला. कळवा, खारेगाव, मग मानपाडा, वाघबीळ, कधी थेट कासारवडवली. सकाळची फेरी संपवून डबा लॅबला, दुपारी रिपोर्ट पोचवायचे. दिवसाला ४५ ते ५० किमी, म्हणजे महिन्याला बाराशे-तेराशे. आजवर टीएमटीच्या बसवर आणि रिक्षावर भागवलं. रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झाल्यापासून हिशेब बसत नाही हे आहेच, पण माझं खरं कारण वेगळं आहे.

जुलैत एका पहाटे धो धो पाऊस होता. कळवा नाक्यावर तास होऊन गेला तरी रिक्षा मिळाली नाही. वाघबीळला एक आजी माझी वाट बघत होत्या, मधुमेह असलेल्या, आदल्या रात्री आठला जेवलेल्या. मी पोचले तेव्हा सव्वानऊ वाजले होते आणि त्या सोफ्यावर घामाघूम होऊन पडल्या होत्या. सुनेने साखरेचं पाणी पाजलं, थोड्या वेळाने त्या सावरल्या. मला म्हणाल्या, "तू भिजलीस की गं पार." त्या दिवशी ठरवलं की स्वतःची गाडी घ्यायची, आणि ती अशी हवी की पहाटे साडेपाचला पावसातसुद्धा कुरकुर न करता सुरू होईल.

बजेट ३० हजार, अगदी ताणलं तर ३६. त्यात डागडुजीचेही पैसे धरायचे आहेत. २०२० नंतरच्या बीएस सिक्स (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्या या पैशांत मला तरी दिसल्या नाहीत.

गाडी पहिली. ऐरोलीत एक काका आहेत, कुरिअरचं काम करतात. ॲक्टिव्हा ५जी, डिसेंबर २०१८ ची, एमएच ४३ पासिंग, सिंगल हँड (एकच मालक). रनिंग ७१,४००. सत्तावीस हजार मागतात. गाडी दिसायला काही खास नाही. पुढच्या मडगार्डला चरे, सीट दोन ठिकाणी शिवलेली, फूटबोर्डची चटई उचलली तर कडेला गंज. पण काकांनी डिकीतून एक वही काढली. शाळेची दोनशे पानी वही, पावसाने फुगलेली, वर प्लॅस्टिकचं कव्हर. पहिल्या पानापासून तारीख, किलोमीटर आणि काय काम केलं ते निळ्या पेनाने लिहिलेलं. "२४,६५० बेल्ट, रोलर. ४७,९०० बेल्ट, क्लच शू." मध्ये मध्ये नुसतं "तेल", दर दोन-अडीच हजारांनी, न चुकता. काका म्हणाले, "ताई, माझं पोट हिच्यावर होतं, हिला उपाशी ठेवून कसं चालेल." आता गुडघ्यामुळे बैठं काम घेतलंय, म्हणून विकतात.

गाडी दुसरी. वागळे इस्टेटच्या बाजूला एका एजंटकडे. ॲक्टिव्हा ४जी, २०१७, एमएच ०४, रनिंग १९,८००. छत्तीस हजार. एजंटचं म्हणणं, मालक परदेशी असतो, गाडी सोसायटीत उभीच होती. पॉलिश करून चकाचक. सर्व्हिसचा एकही कागद नाही. हँडलच्या ग्रिपवरची नक्षी मात्र पूर्ण गेलेली, किकचं रबरही गुळगुळीत. दोन्ही टायरचे फोटो काढून ठेवलेत, पुढच्यावर १४२१ आणि मागच्यावर ३२२३ असे आकडे आहेत. याचा काही अर्थ असतो का?

बाबा दुसरीच घे म्हणतात. ते वागळेतल्या एका कारखान्यात फिटर होते, यंत्राची झीज त्यांना कळते, आणि त्यांच्या मते सत्तर हजार म्हणजे दुसऱ्याचं दुखणं पैसे देऊन घरी आणणं. मला वहीवाली गाडी मनात भरली आहे. पण वहीकडे बघून हुरळून जातेय का, हे मला कुणीतरी स्पष्ट सांगा. दोन वर्षांत मी त्यावर आणखी तीस हजार किमी घालणार आहे. इंजिन तेवढं निभावेल का? बघायला जाताना नेमकं काय तपासू?

कोपरीचा गॅरेजवाला

ताई, आधी टायरचं. त्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे पुढचा टायर २०२१ च्या १४ व्या आठवड्यातला, मागचा २०२३ च्या ३२ व्या. गाडी २०१७ ची. उभ्या असलेल्या गाडीला दोन वेगवेगळ्या वर्षी टायर कोण घालतं? त्यात ग्रिप आणि किकचं रबर झिजलेलं. या गाड्यांचा मीटर चाकाकडून आलेल्या केबलवर चालतो, केबल काढून ठेवली की आकडा जागेवर थांबतो. मी खोटं आहे असं म्हणत नाही, पण १९,८०० वर छत्तीस हजार देऊ नका.

आता ऐरोलीची. वेळेवर तेल मिळालेलं ॲक्टिव्हाचं इंजिन सत्तर हजारांत संपत नाही. माझ्याकडे याहून जास्त पळालेल्या गाड्या रोज येतात. पण बघायला सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशी काकांना सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी इंजिनला हात लावा, गार असलं पाहिजे. मग सेल्फ मारा आणि लगेच सायलेन्सरकडे बघा. सुरुवातीला क्षणभर निळसर धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील (तेल आत झिरपू न देणारं रबर) झिजलंय. गरम झाल्यावर रेस दिली की निळा धूर येतच राहिला तर रिंग-पिस्टन गेले. त्या कामाला सहा ते आठ हजार धरा आणि तेवढे किमतीतून कमी करा.

मग मेन स्टँडवर लावा. कुणाला तरी मागून दाबायला सांगा, पुढचं चाक उचललं की हँडल अगदी हळू एका बाजूकडून दुसरीकडे फिरवा. मधोमध खटकन अडलं तर कोन सेट (हँडलचे बेअरिंग) गेलाय. घोडबंदरच्या खड्ड्यांत हा सगळ्यात आधी जातो. मागचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवा. हललं तर बेअरिंग किंवा इंजिनचे बुश. चालवताना थांब्यावरून निघताना गाडी थरथरली तर क्लच. वहीत ४७,९०० ला बेल्ट आहे, म्हणजे आता २३ हजार झाले, या वेळचा बेल्ट तुमच्या खात्यात. बेल्ट, रोलर, शू मिळून अडीच-तीन हजार. बेल्ट तुटला की इंजिन चालू राहतं पण गाडी जागची हलत नाही, तुमच्या कामात ते परवडणार नाही.

फूटबोर्डचा गंज स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. पापुद्रे निघाले तर चालेल, आरपार गेलं तर विचार करा.

नेरूळकर

वरच्या दादांनी गाडीचं सांगितलं, मी कागदांचं सांगते, कारण माझ्या भावाचं तिथेच अडलं होतं. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा बघा. बोजा दिसला तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलान वेगळं तपासा, कुरिअरची गाडी म्हणजे नो पार्किंगची चलानं हमखास असतात.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. ही गाडी डिसेंबर २०१८ ची, म्हणजे तो डिसेंबर २०२३ मध्ये संपला. त्यानंतर काकांनी नवीन काढलाय का ते विचारा. शिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवलेली हवी.

फॉर्म २९ आणि ३० (गाडी नावावर करायचे अर्ज) यांवर सह्या घेऊन तसेच ठेवून देऊ नका, ट्रान्सफर लगेच लावा. नावावर झाली नाही आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव त्याच्यावर येते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. काकांनाही हे सांगा, तेच तुमच्या मागे लागतील. विमाही १४ दिवसांत नावावर करायला टाका.

सानपाड्याहून

खरंच उभी असलेली गाडीही बिनघोर नसते. मी तशी घेतली होती. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा झालेला, टायर दगडासारखे, पेट्रोलची नळी बोटाने दाबली तर तडकली. पहिल्या दोन महिन्यांत गॅरेजच्या चकरा झाल्या. रोज पळणारी गाडी बरी.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी साडेसहाला बाबांना घेऊन ऐरोलीला गेले. काकांनी गाडी सुरू केली नव्हती, उलट आदल्या रात्रीपासून बाहेर पावसातच ठेवली होती. "तुला पावसात चालवायचीय ना, मग तशीच बघ," म्हणाले. इंजिन गार होतं. दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. मी सायलेन्सरपाशी उकिडवी बसून होते. निळा धूर आला, मी मनातल्या मनात आकडे मोजले, पाचापर्यंत गेले आणि तो थांबला. नंतर ऐरोली ते विटावा आणि परत असं चालवली, गरम झाल्यावर रेस देऊन बघितलं, धूर नाही. थांब्यावरून निघताना किंचित थरथरते.

हँडलचं काम बाबांनी केलं. चाक उचलून इतकं हळू फिरवत होते की मला वाटलं थांबलेच आहेत. मधोमध आले आणि म्हणाले, "इथं बोट ठेव." बोटाला तो खटका स्पष्ट लागला. फूटबोर्ड टोचून पाहिला, पापुद्रे आहेत, आरपार नाही. मागचं चाक हलत नाही.

विमा चालू आहे, मार्चपर्यंत. नंबर प्लेट बसवलेली आहे. बोजा नाही. चलानं तीन निघाली, ती काकांनी तिथल्या तिथे मोबाइलवरून भरली आणि पावती मला पाठवली. बाबांनी वही बराच वेळ वाचली. शेवटी काकांना एकच विचारलं, "तेल स्वतः बदलायचात की गॅरेजला?" काका म्हणाले, स्वतः. त्यानंतर बाबांनी घासाघीस केली नाही, कोन सेट आणि बेल्टचे म्हणून अडीच हजार कमी करायला सांगितले. २४,५०० ला ठरलं. दोन हजार टोकन बँकेतून दिलं, बाकीचे ट्रान्सफरचा अर्ज भरल्या दिवशी. वही काका गाडीबरोबर देणार आहेत.

कोपरीच्या दादा, आता तुम्हालाच विचारते. गाडी शनिवारी हातात येईल आणि माझ्याकडे पहिल्या महिन्यात डागडुजीला चार हजारच आहेत. बेल्ट-रोलर-शू आणि कोन सेट दोन्ही त्यात बसेल का? नाही बसलं तर आधी काय करू? व्हॉल्व्ह सील दिवाळीपर्यंत थांबलं तर चालेल ना, की तोवर दर आठवड्याला तेलाची पातळी बघत राहू? आणि तुमचं गॅरेज रविवारी उघडं असतं का, कारण इतर दिवशी मला दुपारी तीननंतरच येता येईल.