मदत हवी आहे: जुन्या फ्रेंच घड्याळावरची मशाल मुळात उलटीच होती का?

नमस्कार मंडळी,

आम्ही फ्रान्समधल्या ल्योंमध्ये राहतो. खालच्या मजल्यावरच्या आजी लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या आणि जाताना शेकोटीवरच्या फळीवरचं त्यांचं घड्याळ मला देऊन गेल्या. त्यांच्या आजीला लग्नात मिळालेलं, आणि तेव्हाही ते जुनंच होतं म्हणे. लंबक रेशमी दोऱ्यावर लटकतो. पुढच्या काळात दोऱ्याच्या जागी पोलादी पट्टी आली, म्हणून मी १८५० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं धरते आहे.

तबकडीभोवती स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप आहे. तो अनंतकाळाचा, इतकं कळलं. वर पंखवाला क्युपिड, म्हणजे रोमन प्रेमदेव, बसलाय. डाव्या चिमटीत फुलपाखरू, उजव्या हातात मशाल. ग्रीकमध्ये 'प्सिके' म्हणजे आत्मा आणि फुलपाखरूसुद्धा. तेव्हा प्रेमात पोळणारा जीव असा अर्थ मी लावला. पण मशालीचं तोंड खाली आहे. उभी मशाल लग्नाची, उलटी मृत्यूची. इथल्या जुन्या थडग्यांवर तशी कोरलेली मी स्वतः पाहिली आहे. लग्नात कोण असं घड्याळ देईल?

काल भिंग घेऊन बसले. क्युपिडच्या कोपराखाली करड्या डागाची, म्हणजे धातू जोडायच्या सोल्डरची, रेघ आहे, बाकी सगळीकडे सोनेरी. आणि ज्वाळा दांड्याच्या सरळ रेषेत कोरलेल्या आहेत. मशाल मुळात उलटी असती तर ज्वाळा वर वळायला हव्या होत्या ना? मला वाटतं हात कधीतरी तुटला आणि डाग देताना उलटा फिरला. अशी क्युपिड-फुलपाखराची घड्याळं कुणी पाहिली असतील तर त्यांत मशाल कशी असते, कृपया सांगा. फोटो देते.

दुसरं, इथला कारागीर म्हणाला की रसायनात बुडवून लख्ख करून देतो, दोऱ्याच्या जागी पट्टीही बसवतो. मी थांबवलं. जुना मुलामा सोनं पाऱ्यात कालवून, तापवून पारा उडवून चढवत. थर अगदी पातळ, घासला की गेलाच. आतून धातू पिवळा दिसतो, म्हणजे जस्ताचं ओतकाम नसावं. मुलामा पाऱ्याचा आहे की नंतरचा विजेवर चढवलेला, हे घरी ओळखता येतं का? दोरा रेशमीच ठेवावा अशी माझी फार इच्छा आहे. तो ओवायचा कसा, हे कुणी करून पाहिलंय?

आई पुढच्या महिन्यात येतेय. बंद घड्याळ तिला घरात चालत नाही. तोवर निदान लंबक तरी हलायला हवा.